निनावी वीर आणि नाव उरलेला कुमार : पवनीतून पाहिलेला एक चिनी चित्रपट

१/
राजवाड्यातील एक प्रचंड, जवळजवळ रिकामे दालन. राजाच्या आसनापासून शंभर पावलांच्या आत कोणी यायचे नाही अशी कडक आज्ञा आहे, कारण तीन मारेकरी कित्येक वर्षे त्याच्या जिवावर टपलेले आहेत. एके दिवशी एक साधा स्थानिक अंमलदार येतो आणि त्या तिघांची शस्त्रे राजासमोर ठेवतो. तिघांनाही त्यानेच मारले म्हणे. बक्षीस म्हणून त्याला राजापासून दहा पावलांवर बसण्याचा मान मिळतो. त्या अंमलदाराला नाव नाही. चित्रपटभर तो 'निनावी' म्हणूनच वावरतो.

२/
झांग यिमोउ यांचा 'हीरो' हा चित्रपट २००२ चा. निनावीची भूमिका जेट ली यांची. तलवारींच्या चकमकी, पाण्यावरून धावणारे वीर, पिवळ्या पानांच्या वादळातले द्वंद्व हे सारे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेलच. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबावे. पुढे शेवट उघड होणार आहे.) मात्र चित्रपटाचा खरा डाव तलवारीचा नाही. तो दोन माणसांच्या बोलण्याचा आहे. निनावी एक हकीकत सांगतो. राजा ती खोटी ठरवून दुसरी सांगतो. मग निनावी तिसरी सांगतो. तीच माणसे, तीच शस्त्रे, पण प्रत्येक वेळी रंग वेगळा: लाल, निळा, पांढरा.

३/
चित्रपट संपला तेव्हा माझ्या मनात एक हिशेब सुरू झाला. हा राजा म्हणजे छिन राज्याचा यिंग झेंग, जो पुढे चीनचा पहिला सम्राट झाला. त्याच्यावर खरोखर हल्ला झाला तो इ.स.पू. २२७ मध्ये. सम्राट अशोकाचा मृत्यू साधारणपणे इ.स.पू. २३२ चा मानतात. म्हणजे तिकडे राजाच्या अंगावर शस्त्र उगारले जात होते, तेव्हा इकडे वैनगंगेच्या काठी आमच्या पवनीत मौर्यकालीन स्तूप उभा होता किंवा उभा राहत होता.
म्हणून आजच्या धाग्यात दोन्ही गोष्टी एकत्र घेऊ: तिकडचा मारेकरी आणि इकडचे विदर्भाचे राजकारण.

४/
आधी तिकडचे.
चिनी भाषेत या चित्रप्रकाराला 'वूशिया' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला आणि 'शिया' म्हणजे न्यायासाठी शस्त्र धरणारा, कोणाचा चाकर नसलेला वीर. हे वीर ज्या जगात वावरतात त्याचे नाव 'जियांगहू'. त्याचा शब्दशः अर्थ 'नद्या आणि तलाव', म्हणजे राजाचा कायदा जिथे पोहोचत नाही असा मुलूख. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यातल्या माणसाला हा शब्द ऐकून हसू येणारच!

५/
'हीरो'च्या मुळाशी जिंग के नावाच्या खऱ्या मारेकऱ्याची कथा आहे. ती आपल्याला सिमा चियान या इतिहासकारामुळे कळते. त्याने आपल्या बृहद् इतिहासग्रंथात मारेकऱ्यांच्या चरित्रांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच राखून ठेवले. तिथली हकीकत चित्रपटापेक्षा कितीतरी वेगळी आहे, आणि माझ्या मते कितीतरी अधिक थरारक.

६/
छिन राज्य एकेक शेजारी गिळत चालले होते. यान राज्याच्या युवराज दानाला कळून चुकले की पुढची पाळी आपली. सैन्यबळाने छिनला रोखणे अशक्य होते, म्हणून त्याने जिंग केला पाठवायचे ठरवले. पण संशयी राजाच्या जवळ जायचे कसे? त्यासाठी दोन भेटी लागल्या. एक, छिनमधून पळून यानमध्ये आश्रयाला आलेल्या फान या सेनापतीचे मस्तक. राजाने त्यावर मोठे इनाम लावले होते. जिंग के त्या सेनापतीला भेटला, बेत सांगितला, आणि सेनापतीने आपल्याच हाताने गळा चिरून घेतला. दुसरी भेट म्हणजे यान जो प्रदेश छिनला देऊ करत होते त्याचा नकाशा. नकाशा गुंडाळलेला होता आणि गुंडाळीच्या शेवटी विषाने माखलेला खंजीर होता.

७/
दरबारात नकाशा उलगडत गेला आणि शेवटी खंजीर दिसला. 'नकाशा संपला की खंजीर दिसतो' ही म्हण चिनी भाषेत आजही वापरतात. जिंग केने राजाची बाही धरली आणि वार केला. राजा झटक्याने उठला, बाही फाटली.
इथून पुढे जे घडले ते कोणताही नृत्यदिग्दर्शक बसवणार नाही. राजाने तलवार काढायचा प्रयत्न केला, पण ती इतकी लांब होती की म्यानातून निघेना. राजा खांबाभोवती पळू लागला आणि मारेकरी त्याच्या मागे. दालनात दरबारी होते, पण राजासमोर शस्त्र बाळगण्यास बंदी असल्याने सारे निःशस्त्र. सशस्त्र पहारेकरी पायऱ्यांखाली होते, पण हुकूम झाल्याशिवाय वर यायचे नाही हा कायदा. अखेर राजवैद्याने हातातली औषधांची पिशवी जिंग केवर भिरकावली. कोणीतरी ओरडले, महाराज, तलवार पाठीवर घ्या! राजाने ती पाठीकडे सरकवून उपसली आणि जिंग केच्या मांडीवर वार केला. घायाळ जिंग केने खंजीर फेकला. तो खांबाला लागला.

८/
राजसत्तेने स्वतःच्या संरक्षणासाठी केलेले दोन नियमच तिच्या जिवावर उठले होते, आणि तिला वाचवले ते औषधांच्या पिशवीने. सहा वर्षांनी, इ.स.पू. २२१ मध्ये, सगळा चीन या राजाच्या अंमलाखाली आला. यान तर त्याआधीच संपले होते.

९/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न: हे सिमा चियानला कसे कळले? तो तर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहीत होता.
प्रकरणाच्या शेवटी त्याने याचे उत्तर स्वतःच दिले आहे. जिंग केबद्दल लोक काय काय अद्भुत सांगतात, राजा जखमी झाला होता असेही म्हणतात, हे सारे खोटे आहे असे तो बजावतो. मग आपली हकीकत त्या राजवैद्याला ओळखणाऱ्या माणसांकडून आपल्यापर्यंत आली, हे नोंदवतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहासकार साक्षीदारांची साखळी सांगतो आहे! 'हीरो'मधल्या राजाला निनावीच्या हकीकतीविषयी जी शंका आली, ती सिमा चियानला आपल्या काळच्या दंतकथांविषयी आली होती.

१०/
आता इकडे येऊ. आपल्याकडे असा कट झाला नाही काय? झाला, आणि तोही याच काळाच्या आसपास.
इ.स.पू. १८५ च्या सुमारास मगधाचा अखेरचा मौर्य सम्राट बृहद्रथ याला त्याच्याच सेनापतीने मारले. हा सेनापती पुष्यमित्र शुंग. पुराणे केवळ सत्तांतर नोंदवतात. प्रसंग सांगतो तो इ.स. सातव्या शतकातला बाणभट्ट, आपल्या 'हर्षचरिता'त: सैन्य दाखवण्याच्या निमित्ताने सेनापतीने राजाला बोलावले आणि सगळी फौज उभी असताना त्याचा अंत केला. जिंग केला दालनात शस्त्र चोरून न्यावे लागले. पुष्यमित्राला काहीच लपवायचे नव्हते, सारी फौजच त्याची होती.

११/
या खुनाचे पडसाद विदर्भात उमटले. ते आपल्याला सांगणारे पुस्तक कोणते? तर एक प्रेमनाट्य. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र'.
शाळेत आपण हे नाटक राजा, राणी, नृत्यशिक्षक आणि विदूषक यांच्या गमतीसाठी ऐकलेले असते. पण पहिल्या अंकात एक पत्र येते. ते प्रेमपत्र नाही. ते विदर्भाच्या राजाचे अग्निमित्राला आलेले उत्तर आहे. अग्निमित्र हा पुष्यमित्राचा मुलगा, विदिशेला बसून कारभार पाहणारा.

१२/
पत्रामागची परिस्थिती अशी. विदर्भात यज्ञसेन नुकताच गादीवर बसला आहे. त्याचा चुलतभाऊ माधवसेन अग्निमित्राशी सोयरीक जोडण्यासाठी विदिशेकडे निघाला असता, यज्ञसेनाच्या सीमारक्षकाने त्याला वाटेत पकडले. त्या धुमश्चक्रीत माधवसेनाची बहीण नाहीशी झाली. अग्निमित्राने कैद्यांना सोडा म्हणून कळवले. यज्ञसेनाचे उत्तर थंड डोक्याचे आहे: बहिणीचा शोध घेऊ. माधवसेनालाही सोडू. पण तुम्ही माझ्या मेहुण्याला कैदेत टाकले आहे, आधी त्याला सोडा.

१३/
हा मेहुणा कोण? 'मौर्यसचिव', म्हणजे मौर्यांचा मंत्री.
या एका शब्दावर इतिहासकारांनी पुष्कळ विचार केला आहे. हेमचंद्र रायचौधरी यांनी त्यातून असे चित्र उभे केले: पाटलिपुत्राच्या दरबारात दोन गट होते, एक मंत्र्याचा आणि एक सेनापतीचा. सेनापतीच्या गटाने मुलासाठी विदिशा मिळवली, मंत्र्याच्या गटाने नातलगासाठी विदर्भ. सेनापतीने सम्राटाला मारले, मंत्र्याला कैद केले, आणि विदर्भातल्या मेहुण्याने आपले राज्य स्वतंत्र म्हणून चालवायला सुरुवात केली. हे अनुमान आहे, हे विसरू नये. पण ते पटण्याजोगे आहे. राज्य नवे आहे, रोपाने अजून मूळ धरलेले नाही, तोवरच उपटावे, असा सल्ला नाटकातला अमात्य अग्निमित्राला देतो तोही याच्याशी जुळतो.

१४/
पुढे अग्निमित्राचा सेनानी वीरसेन विदर्भावर चालून जातो आणि जिंकतो. माधवसेन सुटतो. विदर्भाची वाटणी होते: दोन चुलतभाऊ, दोन राज्ये, आणि मध्ये वरदा नदीची सीमा. ही वरदा म्हणजे आपली वर्धा, असे सामान्यतः मानतात. तसे असेल तर पवनी पूर्वेकडच्या वाटणीत येते.
आणि ती हरवलेली बहीण? ती विदिशेला राणीच्या महालात दासी म्हणून वेषांतराने राहत असते. तीच मालविका. वाटेत तिच्या काफिल्यावर रानातल्या लुटारूंनी घाला घातलेला असतो आणि तिला वाचवताना माधवसेनाचा मंत्री सुमती मारला गेलेला असतो. सांगा पाहू, वूशिया चित्रपटाला आणखी काय लागते? गादीवरून वैर, कैद्यांची अदलाबदल, रानातली लढाई, वेषांतर केलेली राजकन्या. फक्त कालिदासाने तलवारी पडद्याआड ठेवल्या आणि रंगमंचावर नृत्य आणले.

१५/
पण इथेही सिमा चियानचा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. कालिदासाचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स. चौथ्या-पाचव्या शतकात ठेवतात. म्हणजे घटनेत आणि नाटकात जवळपास सहाशे वर्षे. मधली साखळी कालिदास सांगत नाही, नाटककाराला ती सांगायची गरजही नसते. यज्ञसेन आणि माधवसेन ही नावे या नाटकातूनच आपल्याला ठाऊक आहेत.
मग सगळे सोडून द्यायचे? तसेही नाही.

१६/
एक बारीकसा दुवा पाहा. नाटकाच्या अखेरच्या अंकात पुष्यमित्राचे पत्र येते. मुलगा राज्य करतो आहे, स्वतः पुष्यमित्र अश्वमेध करतो आहे, तरी त्याची उपाधी काय? 'सेनापती'. राजा नव्हे. कवीची चूक वाटावी असा हा प्रकार. पण अयोध्येला धनदेव नावाच्या राजाचा एक जुना शिलालेख सापडला. तो कालिदासाच्या कितीतरी आधीचा. त्यातही दोन अश्वमेध करणाऱ्या पुष्यमित्राला 'सेनापती'च म्हटले आहे. सम्राटाला मारून सत्ता घेतलेल्या माणसाने आपले जुने पद टाकले नाही, ही खूण सहाशे वर्षांनंतरच्या नाटकापर्यंत शाबूत पोहोचली. म्हणजे कालिदासाच्या हाती काहीतरी जुने आणि भरवशाचे होते.

१७/
आता पवनीच्या मातीत उतरू.
वैनगंगेच्या काठी पवनीचा कोट आहे. नदीच्या बाजूला पाणी, उरलेल्या बाजूंना मातीची तटबंदी आणि खंदक. आजचा दगडी दरवाजा आणि बुरूज पाहून लोकांना गोंड-भोसल्यांची आठवण होते, ते योग्यच आहे. पण गावाचे वय त्याहून फार मोठे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचे ते काम. जगन्नाथ टेकडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली स्तूप निघाला.

१८/
स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर, आणि नंतरच्या वाढीनंतर ४१ मीटरांहून अधिक. तुलनेसाठी सांगतो, सांचीच्या थोरल्या स्तूपाचा व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर आहे. पवनीचा मूळ स्तूप मौर्यकाळातला. इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांत त्याभोवती दगडी कठडा उभारला गेला, त्यावर शिल्पे कोरली गेली. मुचलिंद नागाचे शिल्प त्यांतलेच: वादळात बुद्धावर फणा धरणारा नागराजा. बुद्ध मात्र माणसाच्या रूपात दाखवलेला नाही. त्या काळी तसे दाखवत नसत.

१९/
ही शतके कोणती, ते पुन्हा पाहा. हाच तो काळ, ज्यात बृहद्रथाचा खून झाला, यज्ञसेनाने मेहुण्यासाठी अट घातली, वीरसेन विदर्भावर चालून आला. नाटक खरे असेल तर पवनीकरांनी एका पिढीत मौर्यांची सत्ता, स्वतंत्र विदर्भ, पराभव आणि फाळणी हे सारे पाहिले.
आणि कठड्याच्या दगडांवर त्यांनी काय कोरले? राजाचे नाव नाही. युद्ध नाही. खांब कोणी दिला, पट्टी कोणी दिली, एवढेच. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, छोट्या छोट्या ओळी. उपासक, उपासिका, भिक्षू.

२०/
मला इथे थांबावेसे वाटते. पुष्यमित्राबद्दल बौद्ध परंपरेत एक भयंकर कथा आहे: तो स्तूप पाडत आणि भिक्षूंची मस्तके मागत निघाला, असे 'दिव्यावदान' सांगते. सांचीच्या मूळ विटांच्या स्तूपाची मोडतोड झाली होती आणि ती याच सुमाराची असावी, असा तर्क जॉन मार्शल यांनी केला होता. दुसरीकडे, भरहुतच्या तोरणावर 'शुंगांच्या राज्यात' ते उभारल्याचा लेख आहे, सांचीचा स्तूप याच शतकात दगडांनी मढवला गेला, आणि पवनीत कठडा उभा राहिला. खलनायकाची कथा एकीकडे, लोकांनी दिलेले दगड दुसरीकडे. एक राजा एखाद्या ठिकाणी क्रूर असू शकतो, तरीही सगळा काळ त्या एका माणसाच्या रंगात रंगवता येत नाही. चित्रपटात मात्र एका प्रसंगाला एकच रंग पुरतो.

२१/
तलवारींचे काय, असे कोणी विचारीलच. विदर्भ लोखंडाचा देश होता. नागपूर परिसरात माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे महापाषाणीय काळाची दफने आणि वस्त्या सापडल्या. हे कामही बरेचसे देवांच्याच पुढाकाराने झाले. तिथे खंजीर, भाले, कुऱ्हाडी मिळाल्या, घोड्यांची दफनेही मिळाली. माहुरझरीच्या काही खंजिरांच्या मुठी तांब्याच्या आहेत. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. हे सारे मौर्यांच्याही आधीचे.
अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस लिहितो की भारतीय पायदळाची तलवार रुंद पात्याची असते, तीन हातांहून लांब नसते, आणि हातघाईच्या वेळी ती दोन्ही हातांनी चालवतात. म्हणजे घाव जोराचा बसावा म्हणून. जेट लीची चपळ, सरळ, एका हाताची तलवार इथे चालली नसती. वीरसेनाचे सैनिक विदर्भात उतरले असतील तर त्यांच्या हाती असेच जड पाते असावे. अर्थात अशा तलवारीने पाण्यावरून धावता येत नाही.

२२/
पवनीच्या उत्खननानंतर चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, चीनमध्ये शिआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीचा एक सैनिक सापडला. मग हजारो सापडले. तो जिंग केच्या वारातून वाचलेल्या त्याच सम्राटाच्या थडग्याचा पहारा होता. त्यासोबत मिळालेल्या काशाच्या तलवारी इतक्या लांब आहेत की ती न निघणारी तलवार एकदम खरी वाटू लागते. ग्रंथातली एक ओळ जमिनीतून पुरावा घेऊन वर आली. त्यानंतर या सम्राटावर चित्रपटांची रांग लागली. १९९८ मध्ये चेन काइगे यांनी जिंग केची कथा थेट पडद्यावर आणली. 'हीरो' चार वर्षांनी आला.

२३/
'हीरो'चा शेवट अनेकांना खटकला, मलाही खटकतो. निनावीला राजा मारण्याची संधी मिळते आणि तो मारत नाही. सगळे राज्य एका छत्राखाली आले तर युद्धे थांबतील, म्हणून हा राजा जगला पाहिजे, असे त्याला पटते. मग राजा अश्रू आवरत कायद्याप्रमाणे त्यालाच मारण्याचा हुकूम देतो. सत्तेची इतकी सोय पाहणारी कथा निमूटपणे कशी स्वीकारावी? सिमा चियानचा जिंग के असा शहाणा झाला नव्हता. तो शेवटपर्यंत हरलेल्यांच्या बाजूने होता. आणि एकछत्री राज्य तरी किती टिकले? सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला आणि चार वर्षांत छिन घराणे संपले.
यज्ञसेनाची बाजू सांगणारे नाटक मात्र कोणी लिहिले नाही. त्याचे एक पत्र तेवढे उरले, तेही शत्रूच्या दरबारात वाचून दाखवलेले. त्या पत्रातला माणूस मला तरी वाईट वाटत नाही. तो मेहुण्याला सोडवू पाहत होता.

२४/
एक शेवटची वस्तू, आणि धागा संपवतो.
पवनीत एक दगडी स्तंभ सापडला. त्यावरचा लेख इ.स. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे आपल्या कटकारस्थानांनंतर तीन-साडेतीनशे वर्षांनी कोरलेला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. मजकूर एका ओळीचा: महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा हा छायास्तंभ.

२५/
छायास्तंभ म्हणजे मृताची छाया, त्याची प्रतिमा जपणारा स्मारकस्तंभ. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला असे कितीतरी स्तंभ मिळाले आहेत, सेनापतींचे आणि साध्या सैनिकांचेही. आपल्या वीरगळाचे हे दूरचे पूर्वज म्हणा.
पण महाक्षत्रप म्हणजे शक सत्ताधीश, गुजरात-माळव्याकडचे. दख्खनवर त्या काळी सातवाहनांचे राज्य. मग शकांचा हा कुमार वैनगंगेच्या काठी काय करत होता? जिंकायला आला होता? अंमल चालवत होता? लढाईत पडला? पवनीच्या या स्तंभावाचून त्याचे नाव दुसरीकडे कुठे येत नाही. शकांचे पाऊल विदर्भात इतके आत पडले होते, हे या एका ओळीमुळे कळते.

२६/
'हीरो'च्या अखेरीस बाणांचा पाऊस पडतो. नंतर कॅमेरा वाड्याच्या दरवाजाकडे वळतो. सारा दरवाजा बाणांनी भरून गेला आहे, फक्त मध्ये माणसाच्या आकाराची जागा मोकळी राहिली आहे, जिथे निनावी उभा होता. त्याची सगळी गोष्ट आपल्याला ठाऊक झालेली असते, नाव सोडून.
आमच्या पवनीच्या छायेला नाव आहे. रुपिअम्म.

(पवनीला यायचे तर नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे रस्ता आहे. आधी कोट पाहा, मग जगन्नाथ टेकडी. पावसाळ्यानंतर या, वैनगंगा भरलेली असते.)